बर्फातली वाट, पावसातला घाट

रत्नागिरीच्या मुलांना बर्फ भेटतो तो मिरकरवाडा बंदरावर. ट्रकमधून लाद्या उतरतात, त्या फोडून मासळीवर पसरल्या जातात. याखेरीज बर्फाशी संबंध येतो तो उन्हाळ्यातल्या गोळ्यापुरता. आकाशातून पडणारा आणि रस्ता झाकून टाकणारा बर्फ त्यांनी फक्त चित्रात पाहिलेला असतो.

पण कोकणातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी लष्करात असते, नाहीतर सीमा सडक संघटनेत. तो रजेवर आला की लेह-मनालीच्या रस्त्याच्या गोष्टी निघतात. अशाच एका घरातल्या मुलाने वर्गात विचारले, "काका म्हणतात, बर्फात गाडी चालवणे सर्वांत अवघड. बाबा ट्रक चालवतात. ते म्हणतात, जुलैत कुंभार्ली घाट उतरून दाखव. खरे कोणाचे?"

प्रश्न उत्तम आहे. 'दोघांचेही खरे' असे म्हणून तो सोडून देता कामा नये. आठवी ते बारावीच्या अभ्यासक्रमातले घर्षण, ऊर्जा, उष्णता, प्रकाश आणि प्लवन हे सगळे विषय या एका प्रश्नात एकत्र येतात. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना तर घाट टाळताच येत नाहीत. चिपळूणहून कराडला जायचे तर कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा, राजापूरहून अणुस्कुरा. मुंबईच्या वाटेवर परशुराम, भोस्ते आणि कशेडी. म्हणून हिमालयातला बर्फ आणि सह्याद्रीतला पाऊस शेजारी ठेवून हा प्रश्न सोडवून पाहू.

आधी शब्दांबद्दल थोडे. आपण भुरभुर पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि लादीलाही बर्फच म्हणतो. या लेखात भुसभुशीत ते 'हिम' आणि घट्ट, काचेसारखा तो 'बर्फ' असा भेद ठेवू. रस्त्यावर या दोहोंचे वागणे फार वेगळे असते.

तळहाताएवढी जागा

गाडी रस्त्याला किती जागेवर टेकलेली असते? १२०० किलो वस्तुमानाची मोटार घ्या. प्रत्येक चाकावर साधारण ३०० किलोंचा भार येतो. टायरमध्ये वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे दोन वातावरणे जास्त दाबाची हवा असते. भाराला दाबाने भागले की उत्तर येते सुमारे १५० चौ. सें.मी., म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढे. गाडीचे वेग घेणे, वळणे आणि थांबणे हे सगळे असल्या चार तळहातांवर अवलंबून असते. त्या तळहातांखाली काय आहे, हे घर्षणांकावरून कळते.

ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, याचे सूत्र सोपे आहे:

थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणांक × गुरुत्वत्वरण)

ताशी ३६ कि.मी. हा वेग घेऊ, कारण तो बरोबर सेकंदाला १० मीटर होतो. घर्षणांकाचे आकडे टायर, रस्ता आणि तापमान यांप्रमाणे बदलतात. खालच्या कोष्टकात सर्वसाधारण आकडे घेतले आहेत. शेवटचा रकाना २० मीटरला १ मीटर, म्हणजे ५ टक्के उताराचा आहे. घाटरस्त्यांचा उतार साधारण एवढाच राखलेला असतो, अवघड जागी तो याहून जास्तही असतो.

कोरडा डांबरी रस्ता (घर्षणांक ०.७): सपाटीवर ७.३ मीटर, उतारावर ७.८ मीटर
ओला डांबरी रस्ता (०.४): सपाटीवर १२.८ मीटर, उतारावर १४.६ मीटर
चाकांखाली दाबलेले हिम (०.२): सपाटीवर २५.५ मीटर, उतारावर ३४ मीटर
ओलसर बर्फ (०.१): सपाटीवर ५१ मीटर, उतारावर १०२ मीटर

ही अंतरे ब्रेक लागल्यानंतरची आहेत. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला, तरी प्रत्येक आकड्यात आणखी १० मीटर मिळवावे लागतील.

या कोष्टकातल्या दोन गोष्टींकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. पहिली, सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. चारही चाके घसरण्याच्या सीमेवर असतील, तर भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक सारख्याच अंतरात थांबायला हवेत. मुलांना हे पटत नाही. त्यांची शंका रास्त आहे, तिच्याकडे आपण पुढे येऊ.

दुसरी गोष्ट शेवटच्या रकान्यात आहे. उतारावर गुरुत्वाकर्षणाचा एक घटक गाडीला खाली ओढत असतो, म्हणून घर्षणांकातून उतार वजा करावा लागतो. कोरड्या रस्त्यावर ०.७ मधून ०.०५ गेले, तर फारसे बिघडत नाही. बर्फावर ०.१ मधून ०.०५ गेले की निम्मे उरते आणि अंतर दुप्पट होते. बर्फ आणखी निसरडा होऊन घर्षणांक ०.०५ वर आला, तर वजाबाकी शून्य. मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबणारच नाही. काकांचे म्हणणे असे गणिताने सिद्ध होते. पण बाबांच्या ओल्या घाटातही अंतर कोरड्या रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट झाले आहे, हेही नोंदवून ठेवू.

वळणाचा हिशेब असाच आहे. वळताना लागणारे अभिकेंद्री बल घर्षणातूनच मिळते. घाटातल्या १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर, रस्त्याला आडवा कल नाही असे धरले, तर न घसरता वळण्याचा कमाल वेग कोरड्या रस्त्यावर ताशी ३६ कि.मी., ओल्यावर २८, हिमावर १९.५ आणि बर्फावर १४ कि.मी. येतो. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे थोड्या वेगानेही फार फरक पडतो.

चाक फिरत असते तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, म्हणून स्थितिक घर्षण मिळते. चाक जखडले की ते घसरू लागते आणि गतिक घर्षण उरते. गतिक घर्षण कमी तर असतेच, शिवाय जखडलेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळवता येत नाही. निसरड्यावर ब्रेक हळूहळू दाबावा, असे जुने चालक सांगतात ते यासाठीच. चाक जखडू लागले की ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा लावणारी 'एबीएस' यंत्रणा भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. ती चाकांना जखडू देत नाही. मात्र रस्त्याचा घर्षणांक वाढवणे तिच्या हाती नाही.

बर्फ निसरडा का?

पाठ्यपुस्तकी उत्तर असे आहे: दाबामुळे बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून वस्तू घसरते. तत्त्व बरोबर आहे, पण आकडे घालून पाहिले की अडचण दिसते. वितळणबिंदू १ अंश सेल्सियसने खाली आणायला सुमारे १३५ वातावरणे दाब लागतो. मोटारीच्या टायरचा दाब दोन वातावरणे, बसच्या टायरचा सात-आठ. त्याने वितळणबिंदू अंशाच्या काही शतांशांनीच खाली येईल. उणे ५ अंशांवर टायर घसरतो, त्याचे कारण दाब असू शकत नाही.

कारण बर्फाच्या पृष्ठभागातच आहे. आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने शेजारी नसतो, त्यामुळे तो सैल बांधलेला असतो. शून्याच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर अशा सैल रेणूंचा, द्रवासारखा वागणारा अत्यंत पातळ थर असतो. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटतात यावरून असा थर असावा असे सुचवले होते. त्यात घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. तापमान शून्याच्या जवळ असेल तेव्हा बर्फ सर्वांत निसरडा असतो आणि उणे ३० अंशांवर तो बराच खरखरीत वाटतो. म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा, दुपारी वितळून संध्याकाळी गोठू लागलेला रस्ता जास्त घातक ठरतो.

हिमावर टायरची पकड मिळवण्यासाठी चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. साखळीच्या कड्या हिमात रुततात, तेव्हा पृष्ठभागाच्या घर्षणाखेरीज हिम कातरण्याचा विरोधही मिळतो. शेतातल्या चिखलात ट्रॅक्टरच्या चाकाचे उंच दाते हेच काम करतात.

महाबळेश्वरच्या जीपचे छप्पर

बर्फाळ प्रदेशातल्या चालकांना सर्वांत जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या बर्फाची. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पातळ पापुद्रा बसतो. खालचे डांबर दिसत राहते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. हा प्रकार समजून घ्यायला लडाखला जावे लागत नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. गवतावर आणि जीपच्या छपरावर पांढरा थर दिसतो. पण त्याच दिवशीच्या नोंदीत किमान तापमान शून्याच्या वरच असते. हे कसे?

तापमान मोजले जाते ते जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, छायेतल्या पेटीत ठेवलेल्या हवेचे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि वस्तू विकिरणाने उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. जीपचे पातळ पत्र्याचे छप्पर फारशी उष्णता साठवू शकत नाही आणि त्याला खालून जमिनीची ऊबही मिळत नाही. ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि त्यावरचे दव गोठते. थंड देशांत रस्त्याआधी पूल गोठतो, कारण त्यालाही खालून जमिनीची ऊब नसते. पेटीतले तापमान २ अंश असले तरी पुलावर बर्फ असू शकतो.

असा बर्फ घालवायला अनेक देशांत रस्त्यावर मीठ टाकतात. याची उपपत्ती कोकणातल्या घराघरांतून ठाऊक आहे. आंब्याच्या दिवसांत पॉटमध्ये आइस्क्रीम करताना भोवतीच्या बर्फात खडेमीठ घालतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढून घेतो. प्रयोगशाळेत मीठ-बर्फाचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरते. रस्त्यावर मात्र उणे १० अंशांच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही. लडाखच्या हिवाळ्यात पारा त्याहून बराच खाली जातो, तिथे साखळ्या आणि वाळू हेच उपाय.

दोनशे तीस लिटर उकळते पाणी

आता ट्रकच्या वस्तुमानाकडे वळू. थांबण्याच्या अंतरात वस्तुमान नव्हते, पण उष्णतेत ते आहे. भरलेली एस.टी. १५ टनांची धरू आणि घाटमाथा पायथ्यापासून ५०० मीटर उंच. खाली उतरताना तिची स्थितिज ऊर्जा कमी होते ती अशी:

१५,००० × ९.८ × ५०० = ७ कोटी ३५ लाख ज्यूल

पायथ्याला गाडीचा वेग माथ्यावरच्याइतकाच असतो, म्हणजे ही ऊर्जा गतीत गेलेली नाही. टायरचे लोळण आणि हवेचा विरोध यांत थोडा भाग खर्च होतो, बाकीची उष्णता होते. ७ कोटी ३५ लाख ज्यूल म्हणजे २५ अंशांचे २३० लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्याएवढी उष्णता! ५ टक्के उताराने ५०० मीटर उतरायला १० कि.मी. रस्ता लागतो. तो २५ मिनिटांत कापला, तर दर सेकंदाला ४९ हजार ज्यूल, म्हणजे एक किलोवॅटच्या सुमारे पन्नास इस्त्र्या सतत चालू आहेत असे समजा.

ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली तर काय होते? लायनर तापून त्याचा घर्षणांक घसरतो. ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो. मोटारीसारख्या द्रव-ब्रेकच्या वाहनात द्रव उकळला, तर वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पायातला जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. घाटाच्या पायथ्याशी जळका वास येतो तो यातूनच. वस्तुमान दुप्पट तर उष्णता दुप्पट. मुलांची शंका रास्त होती ती अशी: ब्रेक थंड असतील तोवर जड आणि हलकी गाडी सारखीच, दहा किलोमीटर उतरल्यावर मात्र नाही.

उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे वाढतात. हवा आत-बाहेर ढकलण्यात आणि इंजिनातल्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. ती उष्णता रेडिएटर आणि धुराड्यावाटे बाहेर जाते, ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे चालक हा मोठा ब्रेक स्वतःच्या हाताने काढून टाकतात. शिवाय आजच्या इंजिनांत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा बंदच होतो, तेव्हा बचतही होत नाही.

बर्फावर मात्र यालाही मर्यादा आहे. एकदम फार खालचा गिअर टाकला तर इंजिनच चाकांना अडवते आणि ती घसरू लागतात. तिथे उतार सुरू होण्याआधीच गिअर ठरवून घ्यावा लागतो.

अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा हलवताना ती मागे घसरू शकते, म्हणून उतरणाऱ्याने थांबायचे.

ढगातून जाणारा रस्ता

पावसाळ्यातल्या घाटात धुके म्हणजे ढगच. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, प्रसरण पावते आणि थंड होते. तिच्यातली वाफ सूक्ष्म थेंबांत रूपांतरित होते आणि आपला रस्ता त्या थेंबांमधून जातो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही एस.टी.ने आंबा घाट उतरत होतो. अर्ध्या घाटात असे धुके आले की बसच्या काचेपलीकडचे काही दिसेना. चालकाने एका रुंद जागी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. गाडीत कुरकुर सुरू झाली. तो एवढेच म्हणाला, "दिसलं की निघू." वीस मिनिटांनी धुके विरळ झाले आणि आम्ही निघालो.

त्याचे गणित मांडून पाहू. पुढचे १५ मीटर दिसत आहेत. ओला रस्ता, ५ टक्के उतार, एक सेकंद प्रतिक्रियेचा. दिसणाऱ्या अंतरात थांबायचे तर वेग ताशी २६ कि.मी. च्या आत हवा. समोरून दुसरी गाडी येत असेल तर निम्मेच अंतर आपले, मग वेग ताशी १६ कि.मी. आणि काचेपलीकडे काहीच दिसत नसेल, तर सुरक्षित वेग शून्य.

धुक्याबद्दल एक समजूत दुरुस्त करायला हवी. पिवळा प्रकाश कमी विखुरतो म्हणून धुक्यातले दिवे पिवळे असतात, असे पुष्कळदा शिकवले जाते. आकाश निळे दिसण्यामागचा नियम कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असेल तेव्हा लागू होतो. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या वीस-तीस पट मोठे असतात, ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. धुक्याच्या दिव्याचा उपयोग त्याच्या जागेमुळे होतो. तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत रुंद व आडवा असतो, त्यामुळे डोळ्यांसमोरचे धुके उजळत नाही. मोठा झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

जेव्हा डोंगरच घसरतो

आतापर्यंत गाडी घसरण्याचा विचार केला. डोंगराळ मुलखात रस्त्यावरचा उतारही घसरतो. हिमालयात हिमकडे कोसळतात, सह्याद्रीत दरडी.

कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३४ अंशांच्या उतारावर स्थिर होतो. हिमकडे बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून कोसळतात. त्याहून मंद उतारावर हिम टिकून राहते आणि फार उभ्या उतारावर ते साठतच नाही. रात्री पडलेला नवा थर जुन्या गुळगुळीत थरावर नीट बसलेला नसेल, तर तो पाटासारखा सुटतो.

सह्याद्रीत जुन्या बेसाल्टवर झिजेने तयार झालेला मुरूम, माती आणि सुटे धोंडे यांचा थर आहे. त्यात जुलैचे पाणी मुरते. पाण्याने माती जड होते म्हणून ती कोसळते, हे उत्तर अपुरे आहे. वजन वाढले तर खाली ओढणारे बल वाढते, तसे दाबून धरणारे बलही वाढते. खरी गोम प्लवनात आहे. विहिरीतली भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, हे आर्किमिडीजचे तत्त्व. भिजलेल्या मातीची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते. थर पूर्ण भिजला की कणांमधले पाणी कणांना उचलून धरते आणि त्यांना एकमेकांवर दाबणारे बल निम्म्यावर येते. त्याबरोबर घर्षणही निम्म्यावर येते. खाली ओढणारे वजन मात्र पूर्णच राहते. या हिशेबाने, कोरडा असताना ३४ अंशांवर उभा राहणारा सुटा थर पूर्ण भिजल्यावर १९ अंशांवरही टिकत नाही. मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळे त्याला धरून ठेवतात. मुळे तोडली किंवा रस्त्यासाठी उताराचा पायथा उभा कापला, की तो आधार जातो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुरात बुडाले. त्याच अतिवृष्टीत खेड तालुक्यातल्या पोसरे येथे दरड घरांवर आली आणि माणसे गेली. आंबा घाटाचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली. परशुराम घाटात २०२१ आणि २०२२ च्या पावसाळ्यांत दरडींमुळे महामार्ग थांबला. पुणे जिल्ह्यातले माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी ढिगाऱ्याखाली गेले. ही बातमी बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळली, ती त्या वाटेने नेहमी जाणाऱ्या एस.टी. चालकामुळे. रोजच्या जागी गाव दिसेना, हे त्याच्या लक्षात आले.

रोज पाहणाऱ्यालाच बदल दिसतो. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, नवा झरा फुटणे किंवा जुन्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे वा आटणे, लहान दगड सतत घरंगळणे, ही दरडीची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसली तर तिथे न थांबता दूर जावे, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाला कळवावे. अशा जागी घाटात गाडी उभी करून धबधब्याचे छायाचित्र काढणे महागात पडू शकते.

दोन्ही मुलखांत माणसाने उत्तरेही सारखीच शोधली आहेत. कोसळणाऱ्या उतारावरून जाण्याऐवजी डोंगराच्या पोटातून जायचे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेला ९.०२ कि.मी. लांबीचा अटल बोगदा रोहतांग खिंडीतले हिम टाळतो. कशेडी घाटाखालच्या जोडबोगद्यांपैकी एक २०२३ च्या गणेशोत्सवात वाहतुकीस खुला झाला. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग कमी करते, तेव्हा आपल्या कोष्टकातलेच गणित ती वापरत असते.

घराचे छप्पर आणि भाताची शिटी

अशा मुलखात राहणाऱ्यांची घरेही हेच नियम पाळतात. लेहला वर्षभरात सुमारे १०० मि.मी. एवढाच पाऊस-हिम पडते. रत्नागिरीत ३००० मि.मी. च्या वर पाऊस पडतो. म्हणून लडाखची जुनी घरे मातीच्या सपाट धाब्याची आणि आपली उतरत्या कौलांची. काश्मीर खोऱ्यात हिम भरपूर पडते, तिथली छपरे आपल्यासारखीच उतरती असतात. ताजे हिम हलके असते, तरी एक मीटर थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो होते. ते दबले आणि भिजले की तिपटीवर जाते.

लेहची उंची सुमारे ३५०० मीटर. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ८८ अंशांना उकळते आणि कुकरशिवाय भात नीट शिजत नाही. हवा विरळ म्हणून इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि माणसालाही. थंडीत डिझेलमधले मेण गोठून नळ्या तुंबतात. यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाखला पुरवले जाऊ लागले.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. एका फळीवर खोडरबर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागेल तेव्हाची उंची भागिले पायाची लांबी, हा स्थितिक घर्षणांक. फळी कोरडी, ओली, तेलाचा हात फिरवलेली आणि शेवटी साबणपाण्याची, अशी चार वेळा मोजा. पहिल्या पावसात रस्ता सर्वांत निसरडा का असतो, ते तेल-पाण्याच्या फळीवरून सांगता येईल.

२. ताटात वाळूचा ढीग करून कोनमापकाने उतार मोजा. वाळू किंचित ओली करा: उतार जास्त उभा राहतो, कारण पृष्ठताण कणांना बांधून ठेवतो. आता पायथ्याशी पाणी भरत जा. ढीग कधी बसतो ते पाहा. मग नव्या ढिगाचा पायथा चमच्याने उभा कापून हाच प्रयोग करा.

३. शाळेत येण्याच्या वाटेचा नकाशा काढा. उभे कापलेले उतार, झरे, कललेली झाडे, शेवाळलेली वळणे त्यावर दाखवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर दर पंधरवड्याला त्यातले बदल नोंदवा. हा नकाशा फलकावर लावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या.

४. त्या मुलाच्या काकांना आणि बाबांना एकदा वर्गात बोलवा. दोघांना एकच प्रश्न विचारा: गाडी चालवायची नाही, असे तुम्ही कधी ठरवता? त्यांची उत्तरे कोष्टकाशेजारी लिहून काढा.